कोपऱ्यावरचं नवं हॉटेल आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झालेल्या ‘सभासदांचे व्यासपीठ’ या उपक्रमात, बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



मी काही वक्ती नाही. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरवर बसले, त्यामुळे बोलायची सवय आहे, पण ती काचेच्या पलीकडच्या एका माणसाशी. आज समोर तुम्ही इतके जण आहात. चुकलं तर सांभाळून घ्या.

हा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपने निवडला. एप्रिलमध्ये आपल्या एक आणि दोन नंबरच्या गाळ्यांवर त्या मोठ्या साखळी हॉटेलचा बोर्ड लागला. त्या रात्री ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज पडले. मी मोजलेत! एकाने लिहिलं, ‘अभिनंदन, आपला एरिया आता प्रीमियम झाला.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आता फ्लॅटचे भाव बघा.’ आणि ए विंगमधल्या आपल्या एका तरुण सभासद मुलीने लिहिलं, ‘हे जेंट्रिफिकेशन आहे. आता इथल्या साध्या माणसांचं काही खरं नाही.’ त्यावर वादावादी झाली आणि मीही त्यात नको तितकं बोलले. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, ‘काकू, टाईप करून बोटं दुखवून घेण्यापेक्षा रविवारी समोर येऊन बोला.’ म्हणून आले.

आधी तो शब्द. मला तो माहीत नव्हता, नातीकडून समजून घेतला. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई लंडनमध्ये होत्या. त्यांनी १९६४ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. लंडनमधल्या कामगारांच्या वस्त्यांत मध्यमवर्गीय माणसं घरं घेऊ लागली, घरं दुरुस्त करून ऐटदार करू लागली, भाव वाढले, आणि हळूहळू मूळचे कामगार तिथून निघून गेले. वस्तीचा चेहराच बदलला. मराठीत याला कोणी उच्चभ्रूकरण म्हणतात. पण नीट बघा, यात दोन गोष्टी आहेत. जास्त पैसेवाले येतात ही एक, आणि आधीचे जातात ही दुसरी. नुसते नवे आले आणि जुनेही राहिले, तर त्याला आपण वस्ती वाढली म्हणू. जुन्यांना जावं लागलं तरच तो शब्द लागू पडतो. म्हणजे ‘कोण आलं’ याच्या बरोबरीने ‘कोण गेलं’ हेही विचारलं पाहिजे. ग्रुपवरच्या एकशे चाळीस मेसेजमध्ये ‘कोण गेलं’ हे फक्त तीन जणांनी विचारलं होतं.

मला हा प्रश्न का टोचतो, ते सांगते. मी लालबागची. वडील गिरणीत साच्यावर होते. आणि आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पंधरा-सोळा गिरणी कामगार जेवून जायचे. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेली कोकणातली, घाटावरची माणसं. महिन्याच्या पगाराला हिशेब. गिरणगावात अशा खानावळी घराघरांत होत्या. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे मी बँकेत लागले, त्याचं बीज तिथलंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर. आईची खानावळ त्याच वर्षी बंद पडली. आधी उधारी वाढली, मग माणसं गावाला गेली ती परत आलीच नाहीत. नंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. कोर्टकचेऱ्या झाल्या, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. फिनिक्स गिरणीत मॉल झाला हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आपण सगळेच तिथे जाऊन आलोय, मीही आईस्क्रीम खाऊन आलेय.

आता यातला क्रम लक्षात घ्या. आधी मजुरी गेली. मग जेवणारी माणसं गेली. मग खानावळ गेली. मग जमिनीचे नियम बदलले. आणि सगळ्यात शेवटी, कितीतरी वर्षांनी, झगमगीत हॉटेलं आली. आईची खानावळ काही पिझ्झावाल्याने बंद पाडली नाही. पिझ्झावाला आला तेव्हा तिची भांडी मोडीत जाऊन वीस वर्षं झाली होती.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे, की साखळी हॉटेल हे थर्मामीटरसारखं असतं. ते ताप आणत नाही, आलेला ताप दाखवतं. ही हॉटेलं जागा कशी निवडतात? भाऊगर्दी बघून नव्हे. आसपास किती घरं, त्यांत गाड्या किती, ऑफिसं किती, शाळा कुठे, घरपोच ऑर्डरी कुठून जास्त येतात, सगळा हिशेब मांडतात आणि मगच पैसे घालतात. मॅकडॉनल्ड्स १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात आलं, ते दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडला. गिरगावात किंवा भायखळ्यात नाही, आणि घोडबंदर रोडवर तर मुळीच नाही. जिथे खिसा आधीच भरलेला होता तिथे आलं. अमेरिकेत हार्वर्डच्या एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असाच अभ्यास केला. एखाद्या पिनकोडच्या भागात स्टारबक्सची एक शाखा वाढली, की त्या वर्षी तिथले घरांचे भाव साधारण अर्धा टक्का जास्त वाढलेले दिसतात, असं त्यांना आढळलं. पण कॉफीमुळे भाव वाढतात असं नव्हे. बदलणाऱ्या वस्तीचा माग काढत अशी दुकानं येतात.

आणि गंमत बघा, हे चिन्हही सगळीकडे सारखं नसतं. लंडनमध्ये २०१५ साली अशाच कारणावरून लोक चिडून रस्त्यावर उतरले, ते कुठल्या साखळी हॉटेलवर नाही, तर ब्रिक लेनवरच्या ‘सीरियल किलर कॅफे’ या दोन भावांनी काढलेल्या एका छोट्या कॅफेवर. तिथे वाटीभर कॉर्नफ्लेक्सला भरमसाट पैसे घेत. तिकडे साखळीतला बर्गर म्हणजे साध्या माणसाचं स्वस्त खाणं. आपल्याकडे उलट, आपण त्याच बर्गरला प्रतिष्ठा दिली. वाढदिवस तिथे, पास झाल्याची पार्टी तिथे.

म्हणून मी नव्या हॉटेलवर सरसकट टीका करणार नाही. मी स्वतः दोनदा जाऊन बसले. एसी आहे. स्वच्छ बाथरूम आहे, आणि माझ्या वयाच्या बाईला ते फार महत्त्वाचं असतं, बरं का! (हशा) एकटी बाई तासभर बसली तरी कोणी बघत नाही. आमच्या तरुणपणी इराण्याच्या हॉटेलात एकटी मुलगी चहा पिताना दिसली असती तर चाळीत बातमी झाली असती. काउंटरवर जी पोरं-पोरी आहेत, त्यांतली एक ओवळ्याची आहे, एक मुलगा कासारवडवलीच्या गावठाणातला. त्यांची पहिली नोकरी आहे. या गोष्टी खऱ्या आहेत, त्या नाकारून चालणार नाही.

मग ताप आला कधी? आता थोडं अवघड बोलते.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा काय होतं, जुन्यांना आठवत असेल. बस तासाला एक. रात्री रिक्षावाला मानपाड्याच्या पुढे यायला तयार नसायचा. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसायचा, पावसाळ्यात खाली भातशेती, आणि संध्याकाळी खाडीकडून वारा यायचा. आपण म्हणायचो, ‘इथे काहीच नाही.’ मंडळी, इथे काहीच नव्हतं का? माजिवडा, बाळकूम, कोलशेत, वाघबीळ, कावेसर, ओवळे, कासारवडवली, ही सगळी गावं होती. आगरी, कोळी माणसांची शेतं होती, खाडीतली मासेमारी होती. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडे होते आणि आहेत. ज्या जमिनीवर आपण हे क्लब हाऊस बांधलं, तिथे कोणीतरी भात लावत होतं. त्यांना पैसे मिळाले, कोणाला बरे मिळाले, कोणाला कमी. पण आपल्या येण्याने त्यांचा गाव बदलला. जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १२.६ लाख होती, २०११ मध्ये १८.४ लाख झाली. ही दहा वर्षांतली जी भर आहे, त्यात आपण आहोत.

म्हणजे लालबागमधून ज्यांना बाजूला व्हावं लागलं, त्यांच्यातली मी एक. आणि घोडबंदरला येऊन ज्यांनी दुसऱ्यांना बाजूला सारलं, त्यांच्यातलीही मी एक. आपल्या सोसायटीत परळ, लालबाग, गिरगाव, दादरहून आलेली निम्मी कुटुंबं आहेत. आपण लुटायला आलो नव्हतो. चाळीत जागा पुरेना, मुंबईत घर परवडेना, म्हणून आलो. पण एप्रिलमधल्या बोर्डाकडे बोट दाखवताना २००० साल विसरू नये, एवढंच.

आता गाळ्यांचं. हे बोलू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. यजमान म्हणाले, बोल.

तीन नंबरचा गाळा आमचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. २००४ मध्ये माझ्या आणि यांच्या फंडाच्या पैशांतून घेतला. २००९ पासून तिथे आपल्या पोळीभाजीवाल्या ताई आहेत. एक-दोन नंबरचा व्यवहार झाला तेव्हा ब्रोकर आमच्याकडेही आला. कंपनीला किचनसाठी तीन नंबरही हवा होता. ताई देतात २८ हजार. त्याने आकडा सांगितला ६५ हजार. नऊ वर्षांचा करार, दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, विचार करून सांगते. त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने की भीतीने, हे आजही सांगता येणार नाही.

माझ्या वडिलांची लालबागची खोली पागडीची होती. १९४७ च्या भाडे कायद्याने त्यांना संरक्षण होतं. मालक त्यांना सहज उठवू शकत नव्हता, म्हणून चाळ पडली तेव्हा आम्हाला काहीतरी हातात आलं आणि त्यातून हे घर झालं. ताईंकडे काय आहे? अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा कागद. मुदत संपली की उठायचं. सोळा वर्षं त्या दर अकरा महिन्यांनी माझ्यासमोर बसून सही करतात, आणि सही करताना दर वेळी त्यांचा चेहरा कसा होतो, ते मी बघितलंय. चाळीचा मालक यायचा तेव्हा माझ्या आईचा चेहरा अगदी तसाच व्हायचा. फक्त आता मालकाच्या जागी मी.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या बिल्डिंगमध्ये अकरा घरं एकाच वेळी क्वारंटाईन होती. त्यांच्या दाराशी डबा कोण ठेवत होतं? ताई आणि त्यांचा मुलगा. त्या तीन महिन्यांत त्यांनी भाडं दिलं नाही, आम्ही मागितलं नाही. नंतर वर्षभरात त्यांनी ते थोडं थोडं करून फेडलं, आम्ही नको म्हणत असताना.

आमच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं, आणि तो वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, ‘आई, बाबांची दोन ऑपरेशन्स झालीत. तुमचं पेन्शन तेवढंच आहे. तू दर महिन्याला तीस-पस्तीस हजार सोडतेस, कोणासाठी?’ शेवटी आम्ही ताईंना समोर बसवून खरा आकडा सांगितला. त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, ‘मी ३४ पर्यंत जाऊ शकते, पण मला पाच वर्षांचा कागद द्या. मशीन घ्यायचं आहे, अकरा महिन्यांच्या कागदावर कोणी कर्ज देत नाही.’ आम्ही पाच वर्षांचा रजिस्टर्ड करार केला. महिन्याला ३१ हजारांचा फरक, पाच वर्षांचे साडेअठरा लाखांहून जास्त. बँकेतली बाई आहे, आकडा पाठ आहे.

कृपा करून टाळ्या वाजवू नका. ज्यांनी एक-दोन नंबर दिले, त्यांनी काही पाप केलेलं नाही. त्यांच्या मुलीचं परदेशातलं शिक्षण आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला असता. आणि पाच वर्षांनी मी काय करीन, याची मला स्वतःचीच खात्री नाही. पण त्या दोन गाळ्यांतून शिंपीकाका गेले आणि स्टेशनरीवाले गेले. शिंपीकाका आता भाईंदरपाड्याच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. ब्लाऊज शिवायला मला आता रिक्षा करावी लागते, पण तो माझा त्रास. त्यांचं अर्धं गिऱ्हाईक गेलं, ते त्यांचं पोट. आणि आता चार, पाच नंबरचे मालकही म्हणू लागलेत, ‘त्यांना एवढं मिळतं तर आम्हाला का नाही?’ थर्मामीटर ताप आणत नाही असं मी म्हटलं खरं. पण भाड्याच्या बाबतीत मला माझं वाक्य थोडं मागे घ्यावं लागेल. एकदा मोठा आकडा रस्त्यावर आला, की तो शेजारच्या गाळ्यातही शिरतो.

म्हणून ग्रुपवर ज्या मुलीने तो अवघड शब्द लिहिला, तिला माझं उत्तर असं. बाळ, तुझा शब्द बरोबर आहे, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी दाखवलंस. बर्गर बघू नकोस. भाड्याचा कागद बघ. इस्त्रीवाला, चक्कीवाला, चावीवाला अजून आहे का ते बघ. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशी आता कुठून येतात ते विचार. माझ्याकडे येणाऱ्या मावशी पूर्वी चालत यायच्या. आता त्यांना दोन शेअर रिक्षा बदलाव्या लागतात, कारण जवळची खोली परवडत नाही. खरं चिन्ह हे आहे.

आता नुसतं बोलून उपयोग नाही, तीन गोष्टी सुचवते. कमिटीने सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात.

पहिली. गाळा कोणाला द्यायचा हा मालकाचा अधिकार आहे, सोसायटीने त्यात पडू नये. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे. पण धूर, तेलकट पाणी, कचरा, रात्रीचा आवाज, डिलिव्हरीच्या बाईक कुठे उभ्या राहणार, याचे नियम आपण लेखी करू शकतो. ते सगळ्यांना सारखे असावेत. मोठ्या बोर्डाला सूट आणि ताईंच्या वाफेबद्दल तक्रार, असं होऊ नये. गेल्या वर्षी वाफेबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या. नव्या हॉटेलच्या चिमणीबद्दल अजून एकही नाही.

दुसरी. गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीवर महापालिकेत तक्रार करायची असं घाटतंय म्हणे. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असावे लागतात. ‘हटवा’ असा अर्ज करण्याऐवजी ‘याला रीतसर जागा द्या’ असा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर गेला, तर फरक पडेल. रस्ताही मोकळा होईल आणि माणूसही राहील. तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच्या वडापाववर मोठे झालेत, मला तोंडं दिसतायत! (हशा)

तिसरी. आपण पंचवीस वर्षांचे झालो. आज ना उद्या पुनर्विकासाचा विषय येणारच. मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हापासून बिल्डरांचे फोन सुरू आहेत. त्या वेळी फ्लॅटमालकाला वाढीव जागा मिळेल, गाळामालकाला मिळेल. लीव्ह अँड लायसन्सवर बसलेल्या ताईंना कायद्याने काही मिळणार नाही. निदान नव्या इमारतीत दोन-तीन लहान गाळे असावेत, ते जोडून एक मोठं दुकान करता येऊ नये, हे पहिल्या मसुद्यातच लिहिता येईल. नंतर लिहायला गेलो तर कोणी ऐकणार नाही. दोन ऑपरेशन्स आणि मुलाचं म्हणणं यांच्यामध्ये सापडलेल्या एका घराच्या भलेपणावर वस्ती टिकत नाही. त्यासाठी नियम लागतो, आणि नियम करायला तर आपण सहकारी संस्था आहोत.

शेवटी एवढंच. पुढच्या रविवारी नातीचा वाढदिवस आहे. तिला त्या नव्या हॉटेलातच पार्टी हवी आहे आणि आम्ही ती देणार आहोत. पण जेवण झाल्यावर गोडाच्या पोळ्या तीन नंबरमधून येणार आहेत. पंचवीस पोळ्यांची ऑर्डर मी कालच देऊन आले. ज्यांना हव्या असतील त्यांनी ताईंना आजच सांगा, कारण आयत्या वेळी त्या नाही म्हणतात. हे मी सोळा वर्षं बघतेय.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन, पण तेव्हा कोपऱ्यावर कोण कोण आहे, हे मोजायला कोणीतरी असू दे.